जुना लष्करी डिझेल ट्रक घरी दुरुस्त करताना: आधी थांबवायची सोय, मग सेल्फ

लष्करातून निघालेला ट्रक घरी येतो तेव्हा तो बहुतेक वेळा मोडलेला नसतो, नुसता उभा राहिलेला असतो. पाच वर्षं, दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त. उभं राहून होणारं नुकसान चालून होणाऱ्या झिजेपेक्षा वेगळं असतं. रबर कडक होतं, टाकीच्या तळाशी पाणी साचतं, डिझेलचा चिकट थर पंपाच्या आत बसतो, ब्रेकचे सिलिंडर गंजतात आणि वायरींच्या टोकांवर हिरवट पापुद्रा चढतो. या सगळ्यावर इलाज आहे आणि त्यातला बराचसा घरी करता येतो. फक्त कामाचा क्रम चुकता कामा नये.

माझा पहिल्याच दिवशी चुकला. बॅटऱ्या जोडल्या, सेल्फ मारला, इंजिन लागलं. आनंदात दोन मिनिटं तसाच उभा राहिलो आणि बंद करायला गेलो, तर स्टॉपची केबल तुटून हातात आली. इंजिन शांत चालत होतं म्हणून धावत जाऊन पंपावरचा लिव्हर हाताने ओढता आला. तेच इंजिन सुसाट सुटलं असतं, तर जवळ जायची सोय नव्हती. त्या दिवसापासून एक नियम पाळतो: जे थांबवता येत नाही, ते चालू करायचं नाही. इंजिनही आणि गाडीही. खालचा क्रम त्याच नियमाने लावला आहे.

माझा ट्रक एम३५ए२ आहे, अमेरिकी सैन्याचा अडीच टनी, सहाच्या सहा चाकांना ओढ असलेला. त्यात ७.८ लिटरचं, सहा सिलिंडरांचं मल्टिफ्युएल (डिझेलशिवाय इतर इंधनांवरही चालणारं) इंजिन असतं. उदाहरणं त्यावरून येतील, पण शक्तिमान, युनिमॉग, उराल किंवा मेकॅनिकल डिझेल पंपाचा दुसरा कुठलाही जुना ट्रक असला तरी क्रम हाच.

१. पाटी वाचा, पुस्तिका मिळवा

केबिनमध्ये डॅशबोर्डवर धातूच्या पाट्या ठोकलेल्या असतात. मॉडेल, अनुक्रमांक, गियरची मांडणी, प्रत्येक गियरमधला कमाल वेग, सगळं तिथे असतं. कधी डेपोत पुन्हा बांधणी झाल्याची वेगळी पाटी मिळते. तशी असेल तर इंजिन मूळचं नसण्याची शक्यता धरा आणि इंजिनवरची पाटी स्वतंत्र वाचा. सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. पाटी रंगाखाली दडली असेल तर खरवडू नका, हलक्या थिनरने पुसा.

जमवायची कागदपत्रं:

- सैन्याकडून गाडी मोकळी झाल्याचा कागद आणि विक्रीची पावती. नोंदणीसाठी लागणाराच, पण अनुक्रमांक पाटीशी जुळतो का हे विकत घेतानाच पाहा.
- चालकाची पुस्तिका, देखभालीची पुस्तिका आणि सुट्या भागांची यादी. अमेरिकी ट्रकांत या टीएम (टेक्निकल मॅन्युअल) नावाने ओळखल्या जातात. एम३५ए२ साठी टीएम ९-२३२०-३६१ ही मालिका आहे. शेवटी १० असेल ती चालकाची, २० असेल ती युनिटमधल्या देखभालीची, ३४ असेल ती मोठ्या कामांची, आणि पी अक्षर जोडलेली सुट्या भागांची.
- तेल-ग्रीसचा तक्ता. कुठल्या निपलला किती दिवसांनी ग्रीस द्यायचं, ते यात चित्रासकट असतं.
- एक जाड वही. काढलेली प्रत्येक वस्तू, मोजलेला प्रत्येक आकडा तिच्यात.

भाग शोधताना १३ अंकी नाटो क्रमांक फार उपयोगी पडतो. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात, पुढचे दोन देशाचा संकेत (अमेरिकेचे ०० आणि ०१, जर्मनीचा १२, ब्रिटनचा ९९, भारताचा ७२) आणि उरलेले सात त्या वस्तूचे. "जुन्या आर्मी ट्रकचा ऑइल सील" असं विचारून दुकानदार मान हलवतो. क्रमांकावरून सीलचं मूळ माप किंवा बनवणाऱ्याचा नंबर निघतो आणि तोच सील साध्या व्यापारी ट्रकचा म्हणून सहज मिळतो.

२. हत्यारं

मोटारगाडीचा पान्यांचा संच इथे अपुरा पडतो. पाऊण इंची चौकोनाचा सॉकेट संच, एक मीटरभर लांबीचा पाइप, मल्टिमीटर, ग्रीस गन, बँजो बोल्टांसाठी (डिझेल नळ्या जोडणारे पोकळ बोल्ट) वेगवेगळ्या मापांची तांब्याची वॉशरं, पारदर्शक डिझेल नळी दोन मीटर, साबणाच्या पाण्याची बाटली, जाड पुठ्ठा, अग्निशामक, डोळ्यांना चष्मा. अमेरिकी आणि ब्रिटिश ट्रकांत इंची पाने लागतात, जर्मन आणि रशियनांत मिलिमीटरचे. मिलिमीटरचा पाना इंची नटावर "जवळपास बसतो" म्हणून वापरलात तर नटाचे कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार जाते.

३. जागा आणि उचल

एम३५ए२ रिकामा असतानाही सुमारे ६ टनांचा आहे. मातीवर जॅक लावायचा असेल तर खाली जाड फळी हवीच. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी घोड्या लागतात, त्याही त्या वजनाला पुरणाऱ्या. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे कधीच नकोत, ते कुठलाही इशारा न देता फुटतात.

पुढे आणि मागे दोन्हीकडून चाकांना पाचर लावा आणि हँडब्रेकवर विसंबू नका. पुष्कळ लष्करी ट्रकांत हँडब्रेक चाकाला नसतो, गियरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ओढ वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर असतो. मागे एकच धुरा असलेल्या ट्रकाचं एक मागचं चाक उचललंत की डिफरन्शियलमधून ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घसरते.

४. सेल्फच्या आधी हाताने फिरवा

उभा सायलेन्सर असलेल्या ट्रकांत वरची झडप अडकून उघडी राहिली, की पावसाचं पाणी थेट खाली उतरतं आणि उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. पाणी दाबलं जात नाही. अशा इंजिनाला सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून आधी डिपस्टिक पाहा. पातळी खुणेच्या वर असेल तर तेलात डिझेल किंवा पाणी मिसळलं आहे. तेल दुधाळ असेल तर पाणी. ड्रेनचा बोल्ट थोडा सैल करून पहिले थेंब बाटलीत घ्या. पाणी तेलाच्या खाली बसतं, त्यामुळे असेल तर तेच आधी येतं. मग स्टॉप ओढलेला ठेवून, गियर न्यूट्रलला टाकून, क्रँकच्या पुढच्या नटाला सॉकेट आणि लांब दांडा लावा आणि इंजिन पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. प्रत्येक कॉम्प्रेशनला (पिस्टन हवा दाबतो तेव्हा) जड जाईल आणि हळूहळू सुटेल, हे ठीक आहे. एखाद्या जागी दगडासारखं अडलं तर जोर करू नका. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढा आणि मग फिरवा. पाणी असेल तर भोकातून बाहेर येईल. त्या वेळी तोंड भोकासमोर नको.

इंजिन मुळीच फिरत नसेल तर नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि चार दिवस थांबा. रोज थोडा दाब द्या, पुढे आणि मागे. घाई करणाऱ्यांच्या हातून इथे पिस्टनच्या रिंगा मोडतात.

५. इंजिन बंद करायचे तीन मार्ग

पेट्रोल इंजिनाची ठिणगी तोडली की ते थांबतं. डिझेलला ठिणगीच नसते. आत दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटतं, त्यामुळे डिझेल किंवा हवा यांपैकी एक तोडल्याशिवाय ते थांबत नाही. चावी फिरवून काहीही होत नाही, निदान माझ्या ट्रकात तरी नाही.

पहिला मार्ग स्टॉपची केबल. ती ओढल्यावर पंपावरचा लिव्हर शेवटापर्यंत जातो का, हे बॉनेट उघडून दुसऱ्या माणसाकडून पाहून घ्या. दुसरा मार्ग तो लिव्हरच. त्याची जागा आणि ओढायची दिशा मदतनिसाला दाखवून ठेवा. तिसरा मार्ग हवा बंद करणं. पहिल्या सुरुवातीला एअर फिल्टरपासून येणारा पाइप काढून ठेवा आणि मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाच्या) किंवा टर्बोच्या (हवा दाबून आत ढकलणाऱ्या पंख्याच्या) तोंडापेक्षा मोठी, रबर चिकटवलेली प्लायवूडची फळी हातात घेऊन एक जण तयार उभा राहू द्या. हात किंवा चिंधी लावायची नाही. हात ओढला जातो आणि चिंधी आत जाते.

हा तिसरा मार्ग का, असं बऱ्याच जणांना वाटतं. पंपाच्या आतला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारा दांडा, जुन्या डिझेलच्या चिकट थराने पूर्ण डिझेलच्या बाजूला अडकला असेल तर इंजिन लागताक्षणी सुसाट सुटतं आणि केबलला दाद देत नाही. टर्बोचं सील गेलं असेल तर इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळतं. तेव्हा डिझेल तोडूनही उपयोग नसतो. फक्त हवा तोडणं उरतं.

रॅक आधीच तपासता येतो. लाइनमधल्या प्लंजरांच्या पंपाला बाजूला झाकण असतं. ते काढा आणि रॅक बोटाने दोन्हीकडे सरकवून पाहा. सहज सरकला पाहिजे. अडत असेल तर पातळ तेल आणि स्वच्छ डिझेल यांचं मिश्रण सोडून एक दिवस थांबा. ज्या पंपात आतलं दिसत नाही, तिथे निदान बाहेरचे लिव्हर स्प्रिंगने आपोआप परत येतात का ते पाहा. याच्या पलीकडे पंप उघडू नका. पंपाचं मोजमाप टेस्ट बेंचवरच (डिझेल पंप तपासायच्या यंत्रावर) होतं. घरी उघडलेला पंप शेवटी बेंचवर जातोच, फक्त जास्त खराब होऊन.

६. वीज: २४ व्होल्ट, दोन बॅटऱ्या, आणि सगळा भार अर्थिंगवर

बहुतेक लष्करी ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झालेली प्रत्येक बॅटरी १२.६ च्या वर दाखवते. सेल्फ फिरत असताना दोन्ही मिळून १९ च्या खाली जात असतील तर बॅटऱ्या थकल्या आहेत किंवा इंजिन जड झालं आहे. इंजिन चालू असताना २८ च्या आसपास आकडा आला तर चार्जिंग व्यवस्थित आहे.

सेल्फ नुसता "टक्" करून थांबला की लोक सेल्फच बदलतात. आधी हे करा: कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर धरा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर दोष त्या केबलमध्ये किंवा तिच्या जोडांत आहे. मग तेच निगेटिव्ह खांब आणि सेल्फच्या अंगावर करा. माझ्या अनुभवात दोष या दुसऱ्या मोजणीत सापडतो. इंजिन ते चासी ही अर्थची पट्टी आतून हिरवी झालेली असते किंवा तिच्याखाली रंगाचा थर असतो. रंग खरवडून चकचकीत धातू काढा, घट्ट करा, वरून ग्रीस लावा.

दोन सापळे इथे हमखास असतात. एक, रेडिओ किंवा फोनच्या चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेणं. त्याने एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी उकळते आणि वर्षाच्या आत दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. दुसरा, १२ व्होल्टच्या मोटारगाडीवरून केबल टाकणं. बाजूला असलेलं मोठं गोल नाटो सॉकेट २४ व्होल्टचं असतं, त्याला २४ व्होल्टचीच गाडी जोडायची.

वायरींच्या टोकांना धातूची कडी असते आणि तिच्यावर आकडा कोरलेला असतो. पुस्तिकेतल्या नकाशात तोच आकडा सापडतो. त्यामुळे रंगावरून अंदाज बांधत बसायची गरज नाही. रबराच्या जलरोधक जोडण्या ओढून उघडा, आतली पिन साफ करा आणि पुन्हा दाबून बसवा. कापून टेप गुंडाळू नका.

आणि दिवे लागत नाहीत म्हणून वायरिंग उपसण्याआधी मुख्य स्विच नीट पाहा. अमेरिकी ट्रकांत त्याला तीन लिव्हर असतात. एक लिव्हर कुलपाचा आहे. तो उचलून धरल्याशिवाय मुख्य लिव्हर नेहमीच्या दिव्यांवर जातच नाही, नुसते अंधारात वापरायचे ब्लॅकआउट दिवे लागतात. ब्रेकचा दिवाही ठरावीक स्थितीतच पेटतो.

७. डिझेल, आणि त्यात शिरलेली हवा

या भागावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण "चालू होत नाही" या तक्रारींतल्या बहुतेक इथेच मिटतात.

टाकीपासून सुरुवात करा. खालचा ड्रेन उघडून पहिलं डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि तासभर ठेवा. खाली पाणी, वर डिझेल, आणि दोघांच्या सीमेवर काळसर शेवाळासारखा थर दिसला तर टाकीत जिवाणूंची वाढ झाली आहे. अशी टाकी उतरवून धुवावी लागते. नुसता फिल्टर बदलून भागत नाही, नवा फिल्टर काही तासांत तुंबतो. मग सगळे फिल्टर बदला. एम३५ए२ मध्ये ते तीन आहेत, आणि इंजिनवरचे दोन बदलून तिसरा विसरणारे खूप.

मल्टिफ्युएल इंजिन कशावरही चालतं, असं ऐकून लोक त्यात गाळलेलं जुनं इंजिन तेल ओततात. ते जळतं हे खरं. पण त्यातली राख आणि धातूची कचकच पंपाच्या बारीक सांध्यांतून जाते. पंप सांभाळायचा असेल तर स्वच्छ डिझेलच घाला.

आता एअर काढणं. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करा, हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) मारा किंवा चावी देऊन टाकीतला इलेक्ट्रिक पंप चालवा (कान दिलात तर त्याची घरघर ऐकू येते, येत नसेल तर तिथेच थांबून त्याची वायर पाहा). बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू बंद. हेच पुढच्या फिल्टरवर, मग पंपावर. शेवटी नोझलकडच्या नळ्यांचे नट एक-एक फेरी सैल करून सेल्फ मारा. प्रत्येक नटापाशी डिझेल उसळायला लागलं की घट्ट करा. एम९३९ मालिकेतल्या (अमेरिकी सैन्याचे पाच टनी ट्रक) १४ लिटरच्या कमिन्स इंजिनाला ही शेवटची पायरी लागू नाही. त्याच्या पीटी पद्धतीत नोझलपर्यंत उच्च दाबाच्या नळ्याच नसतात.

चालू इंजिनात गळती शोधायला हात फिरवायचा नाही. नोझलच्या नळीतला दाब शेकडो वातावरणांचा असतो. केसाएवढ्या चिरेतून आलेला फवारा कातडी भेदून आत शिरतो, बाहेर फक्त टाचणीची खूण दिसते आणि दुखतही फारसं नाही. तरीही ती शस्त्रक्रियेची तातडीची वेळ आहे, लगेच रुग्णालयात जायचं. गळती पाहायला पुठ्ठा धरा.

माझ्या ट्रकाने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते इथे. एअर काढली की तो लगेच लागायचा, मिनिटभर छान चालायचा आणि बंद पडायचा. पुन्हा एअर काढायची, पुन्हा मिनिटभर. मी इलेक्ट्रिक पंप बदलला, फिल्टरांच्या गॅस्केट बदलल्या, तीन आठवडे गेले. कुठेही डिझेलचा एक थेंब गळत नव्हता, म्हणून नळ्यांवर संशयच आला नाही. मग कुणीतरी सुचवलं म्हणून पंपाच्या तोंडाशी अर्धा हात पारदर्शक नळी जोडली. पहिल्याच प्रयत्नात तिच्यातून बुडबुड्यांची माळ जाताना दिसली. एकेक जोड वगळत मागे गेलो, तर टाकीजवळच्या रबरी नळीला क्लिपच्या खाली चीर होती. ओढीच्या बाजूला आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तिथे चीर पडली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. थेंब शोधत बसणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. आता मी जुन्या ट्रकातल्या सगळ्या रबरी डिझेल नळ्या आणि बँजोंची तांब्याची वॉशरं न तपासता बदलतो. गंधकाचं प्रमाण फार कमी असलेल्या आजच्या डिझेलमध्ये जुनी रबरी सीलं आकसून गळायला लागतात, हेही त्याचं एक कारण.

८. धूर वाचा

सेल्फ फिरतो आहे, इंजिन लागत नाही आणि सायलेन्सरमधून काहीच येत नाही: सिलिंडरमध्ये डिझेल पोचत नाही. पायरी ७ वर परत जा, किंवा स्टॉपची केबल अर्धी ओढलेली राहिली आहे का पाहा.

लागत नाही पण पांढरा धूर येतो: डिझेल पोचतं आहे, पेटत नाही. थंडी, मंद सेल्फ, किंवा कमी कॉम्प्रेशन. सेल्फ सावकाश फिरला की दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून निघून जाते, म्हणून इथेही आधी बॅटऱ्या पाहा. लागल्यावर, गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास राहिला तर कूलंट जळतंय.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टरमध्ये उंदरांचं घरटं निघालेलं मी स्वतः पाहिलं आहे. टर्बोच्या रबरी जोडाची क्लिप सैल असणं हेही नेहमीचं. निळा धूर तेलाचा. बरीच वर्षं उभं राहिलेल्या इंजिनात रिंगा चिकटलेल्या असतात, त्यामुळे पहिले काही तास निळसर धूर आला तर लगेच इंजिन खोलू नका. भाराखाली चालू द्या, पुष्कळदा कमी होतो.

एखादा सिलिंडर मारत नसेल तर रिकाम्या वेगावर एकेका नोझलचा नट क्षणभर सैल करा, हातात मोजे आणि वर चिंधी टाकून. ज्याच्यामुळे इंजिनचा आवाज बदलत नाही, तो दोषी. त्याचं नोझल शेजारच्याशी अदलाबदल करून पाहा. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल बेंचवर द्या, जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन किंवा व्हॉल्व्ह.

ईथरच्या फवाऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. ज्या इंजिनात मॅनिफोल्डमध्ये ज्वाळेचा हीटर आहे (माझ्यात आहे) किंवा ग्लो प्लग आहेत, तिथे ईथर वेळेआधी पेटून पिस्टन फोडू शकतो. ज्यांत नाहीत, त्यांतही तो दोष लपवतो.

९. पहिली सुरुवात

कूलंट भरलेलं, फॅनचा पट्टा घट्ट, रबरी नळ्या मऊ किंवा फुगलेल्या नाहीत, एवढं पाहा. स्टॉप ओढून ठेवा आणि १५-१५ सेकंद सेल्फ फिरवा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत हेच. मग फळीवाला माणूस जागेवर, स्टॉप आत, आणि सुरू. इंजिन लागल्यावर १५ सेकंदांत तेलाचा दाब दिसला नाही तर बंद. टर्बो असेल तर लागल्या लागल्या रेस देऊ नका, आणि बंद करण्याआधी तीन ते पाच मिनिटं रिकामं चालू द्या, नाहीतर गरम टर्बोतलं तेल जळून बेअरिंगवर चिकटतं. काम उघड्यावरच करा, बंद शेडमध्ये धूर जीवघेणा आहे.

१०. ब्रेक, गाडी हलवण्याआधी

इंजिन चालू झालं की एक फेरी मारायचा मोह होतो. माझा एक मित्र त्याला बळी पडला. पेडल पहिल्या दोन वेळा चांगलं लागलं, तिसऱ्यांदा सरळ तळाला गेलं. गाडी चढावर होती म्हणून थांबली.

कारण समजून घ्या. एम३५ए२ मध्ये ब्रेक हायड्रॉलिक आहेत आणि त्यांना हवेच्या दाबाचा बूस्टर मदत करतो. हायड्रॉलिक सर्किट एकच आहे, सहाही ठिकाणचं. एका व्हील सिलिंडरचं रबर फाटलं की सगळे ब्रेक गेले. वर्षानुवर्षं उभ्या ट्रकात सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडतात, आणि पेडल दाबल्यावर रबर त्या खड्ड्यांवरून घासून फाटतं. म्हणून मी एकेक न बदलता सगळे व्हील सिलिंडर आणि सगळ्या रबरी नळ्या एकदमच बदलायचा आग्रह धरतो. रबरी नळी बाहेरून चांगली दिसते, आतून सुजलेली असते. मग पेडल सोडल्यावर तेल परत येत नाही, ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारी पट्टी) चिकटून राहतो आणि ड्रम तापतो.

ब्रेक ऑइल कुठलं आहे हे आधी ओळखा. अमेरिकी सैन्याने आपल्या गाड्यांत सिलिकोनचं डॉट ५ वापरलं, ते जांभळट असतं. डॉट ३ आणि ४ ग्लायकॉलचे, फिकट पिवळे. दोन्ही मिसळायचे नाहीत. आणि डॉट ५.१ हे नाव फसवं आहे, ते सिलिकोन नाही, ग्लायकॉलचंच आहे. बदल करायचा असेल तर सगळी लाइन धुऊन, रबरं नवी घालून करा.

ड्रम काढल्यावर धूळ हवेने फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. शू तेलकट दिसला तर आधी धुऱ्याचा ब्रीदर (आतला दाब सोडणारं छोटं तोंड) पाहा. तो चिखलाने बुजला की गरम धुऱ्यातला दाब हबच्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. सील बदलून ब्रीदर तसाच ठेवला तर महिनाभरात नवं सीलही गळतं.

हवेच्या टाक्यांचे ड्रेन उघडून पाणी काढा. इंजिन चालवून दाब १०० ते १२० पीएसआयपर्यंत (चौरस इंचावर पौंड) चढू द्या, बंद करा, आणि साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोडावर फिरा. ६० पीएसआयच्या खाली इशाऱ्याचा बझर वाजला पाहिजे. ज्या ट्रकांत पूर्ण हवेचे ब्रेक आहेत, त्यांत हवा नसली की पार्किंगचे स्प्रिंग ब्रेक चाकं जखडून ठेवतात. त्या स्प्रिंगच्या डब्याचं झाकण कधीही उघडू नका. आत दाबलेली स्प्रिंग माणूस मारू शकते.

११. चाकं: इथे घरचं काम संपतं

जुन्या लष्करी रिमला बहुधा वेगळी लॉक रिंग असते. हवा भरताना ती रिंग नीट बसलेली नसेल तर उडते आणि समोर असलेल्या माणसाला वाचायची संधी मिळत नाही. दाब नेमलेल्याच्या ८० टक्क्यांहून खाली गेलेल्या टायरमध्ये, तो गाडीवर असताना, हवा भरायची नाही. चाक उतरवायचं, आतली सगळी हवा काढायची, आणि लोखंडी पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडे न्यायचं.

चाक उतरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. एम३५ए२ च्या डाव्या बाजूचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात, टोकावर एल अक्षर असतं. पाइप लावून नेहमीच्या दिशेने जोर केलात तर ते घट्ट होत होत तुटतात. मागच्या जोडचाकांत आतल्या चाकाचा टोपीसारखा नट वेगळा असतो. आतला आवळायला बाहेरचा आधी सैल करावा लागतो. नुसते बाहेरचेच आवळले तर आतलं चाक सैल राहतं.

१२. पहिली फेरी

सपाट, बंदिस्त जागा, सगळ्यात खालचा गियर, माणूस चालतो तो वेग. दहा वेळा ब्रेक मारा. मग उतरून हाताची मागची बाजू प्रत्येक ड्रमजवळ न्या. एकच ड्रम तापला असेल तर शू चिकटतो आहे. ड्रम गार पण हबचा मधला भाग गरम असेल तर बेअरिंग. हळूहळू अंतर वाढवा, आणि पहिल्या ५० ते ८० किलोमीटरनंतर सगळे व्हील नट पुन्हा आवळा, आतले आणि बाहेरचे दोन्ही.

त्या रात्री ट्रकाखाली मोठे पुठ्ठे पसरून ठेवा आणि पुठ्ठ्यावर पेनने इंजिन, गियरबॉक्स, धुरे आणि चाकं यांच्या जागा लिहा. सकाळी डाग पाहा, वास घ्या, बोटांत चोळा, वहीत नोंदवा. गियर ऑइलला उग्र गंधकाचा वास असतो, डिझेल पातळ आणि पसरलेलं, कूलंट गोडसर. इंजिनखालचे दोन-चार थेंब थांबू शकतात. चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग असेल तर त्या दिवशी ट्रक जागेवरून हलवू नका, आधी ड्रम काढा.